कोणते पिल्लू ठेवायचे? अकिता जातीच्या दुभंगाचा प्रकरण अभ्यास

१९९९ साली एफसीआय या श्वानसंघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अकिता या एका जातीच्या दोन जाती केल्या. त्याआधी कित्येक वर्षे ज्या युरोपीय कुटुंबांनी घरात अकिता पाळले, त्यांची पैदास केली, सुट्टीच्या दिवशी गाडीत पिंजरे घालून त्यांना प्रदर्शनाच्या रिंगपर्यंत नेले आणि जिंकलेल्या फिती दिवाणखान्यात लावल्या, त्यांच्यापैकी अनेकांची कुत्री या निर्णयानंतर अकिता राहिली नाहीत. त्यांच्या कागदपत्रांवर ‘ग्रेट जॅपनीज डॉग’ असे नाव आले आणि २००६ मध्ये तेही जाऊन ‘अमेरिकन अकिता’ हे नाव लागले. ब्रिटनच्या केनेल क्लबने हेच विभाजन २००६ मध्ये केले, परंतु तिथे ‘अकिता’ हे नाव अमेरिकन वळणाच्या मोठ्या कुत्र्याकडेच राहिले आणि जपानी वळणाच्या कुत्र्याची नोंद ‘जॅपनीज अकिता इनू’ अशी वेगळी होऊ लागली. परिणामी इंग्लिश खाडीच्या एका काठावर ज्याला अकिता म्हणायचे, तो दुसऱ्या काठावर अकिता नव्हता. या सगळ्या घडामोडीत कुत्र्यांच्या अंगावरचा एक केसही बदललेला नव्हता.

हे कसे घडले, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी संघटनांच्या इतिहासातून दिले जाते. मला ते उत्तर अपुरे वाटते. संघटना ठराव करतात, मानके (जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याची वर्णने) छापतात आणि नोंदवह्या उघडतात किंवा बंद करतात, पण त्यांपैकी कोणीही एकही पिल्लू जन्माला घालत नाही. ते काम घरात होते. मादी माजावर आली की कोणता नर लावायचा, आणि पिल्ले आठ आठवड्यांची झाली की त्यांतले कोणते स्वतःकडे ठेवून बाकीची द्यायची, हे दोन निर्णय कुत्री पाळणारे कुटुंब घेते आणि जात या दोन निर्णयांतूनच पुढे सरकते. म्हणून या प्रकरणाची मांडणी मी दोन घरांच्या आधाराने करणार आहे. एक घर जपानच्या ओदाते शहरातले आणि दुसरे अमेरिकेतले. ही दोन्ही घरे कोणा विशिष्ट कुटुंबाची नाहीत. ज्ञात तारखा, नियम आणि आनुवंशिकतेची तथ्ये यांच्या चौकटीत त्या काळातल्या कुठल्याही पैदासकार कुटुंबासमोर जे पर्याय उभे राहिले, ते दाखवण्यासाठी मी ही घरे समोर ठेवली आहेत.

दोन्ही घरांच्या आधी

ओदाते हे जपानच्या उत्तरेकडील तोहोकू भागातल्या अकिता प्रांतातले शहर. या डोंगराळ, बर्फाळ मुलखात मातागी म्हणून ओळखले जाणारे शिकारी अस्वलाच्या शिकारीसाठी मध्यम आकाराची कुत्री बाळगत. सतराव्या शतकाच्या आरंभापासून याच कुत्र्यांना झुंजीत उतरवले जाऊ लागले. १८६८ नंतर झुंजीसाठी अधिक भारी कुत्रा हवा म्हणून त्यांचा तोसा आणि मॅस्टिफ जातींशी संकर झाला. त्यामुळे आकार वाढला, पण उभे त्रिकोणी कान आणि पाठीवर वळलेली शेपटी ही जपानी कुत्र्याची मूळ लक्षणे पुसट होत गेली. १९०८ मध्ये झुंजींवर बंदी आली. १९१९ मध्ये जपानने नैसर्गिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला आणि देशी कुत्रा हीसुद्धा जपण्याची गोष्ट आहे, हा विचार मूळ धरू लागला. १९२७ मध्ये ओदातेचे नगरप्रमुख शिगेइए इझुमी यांच्या पुढाकाराने अकिताइनु होझोनकाई ही संवर्धन संस्था स्थापन झाली आणि १९३१ मध्ये नऊ उत्तम अकितांना ‘नैसर्गिक स्मारक’ हा दर्जा मिळाला. जपानी कुत्र्याच्या कोणत्याही जातीला मिळालेला हा असा पहिला मान होता.

आपल्याकडे अकिता म्हटले की हाचिको आठवतो. तोही ओदातेजवळ १९२३ मध्ये जन्मलेला. टोकियोच्या शिबुया स्थानकावर दिवंगत मालकाची वाट पाहत तो जवळपास दहा वर्षे येत राहिला आणि ८ मार्च १९३५ रोजी गेला. म्हातारपणी त्याचा डावा कान पडलेला होता आणि शिबुयाच्या पुतळ्यातही तो तसाच दाखवला आहे. रिंगमध्ये पडलेला कान कुत्र्याला बाद करतो. हा मुद्दा मी हाचिकोला कमी लेखण्यासाठी मांडत नाही, तर रिंग नेमके काय पाहते आणि तिला काय दिसूच शकत नाही, हे त्याच्या रूपाने सर्वांना परिचित असल्यामुळे मांडतो आहे.

दुसऱ्या महायुद्धाने हा सगळा प्रयत्न मोडून टाकला. सैनिकांच्या कपड्यांसाठी कुत्र्यांची कातडी वापरली जाऊ लागली आणि लष्करी उपयोगाचे जर्मन शेफर्ड वगळता इतर कुत्री पकडून जप्त करण्याचे आदेश पोलिसांना मिळाले. काही अकिताप्रेमींनी यातून पळवाट काढली ती आपल्या कुत्र्यांचा जर्मन शेफर्डशी संकर करून. त्या घरांना दोष देणे मला कधीच जमलेले नाही, कारण शुद्ध वंश आणि जिवंत कुत्रा यांपैकी एकच वाचवता येत असेल तर घरातले माणूस जिवंत कुत्राच निवडणार. परंतु त्या निवडीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. युद्ध संपले तेव्हा उरलेल्या मोजक्या अकितांमध्ये सरळसरळ तीन प्रकार दिसत होते: मातागी वळणाचे, झुंजीच्या वळणाचे आणि शेफर्डच्या वळणाचे.

पहिले घर: ओदाते

१९४५ नंतरच्या ओदातेतल्या घरात एक मादी वाचली आहे असे समजू. अन्नाची टंचाई आहे, आणि मोठ्या चणीच्या या कुत्र्याचे पोट भरणे हाच रोजचा प्रश्न आहे. तिच्यासाठी नर शोधायला निघालेल्या या कुटुंबासमोर प्रामुख्याने दोन घराणी होती. एक देवा घराणे, ज्याला त्या प्रांताच्या जुन्या नावावरून हे नाव मिळाले होते, आणि दुसरे इचिनोसेकी घराणे. देवा घराण्यातला कोंगो-गो हा नर त्या काळात कमालीचा गाजला. त्याच्या घराण्यात मॅस्टिफ आणि शेफर्ड यांचा अंश उघड दिसत होता: भारदस्त हाडपेर, रुंद डोके, तोंडावर काळा मुखवटा. (नावापुढचा ‘गो’ हा नोंदणीकृत कुत्र्याच्या नावाला लागणारा प्रत्यय आहे.) इचिनोसेकी घराण्यातल्या गोरोमारू-गो या नराचे नाव पुढे पुनर्बांधणीच्या संदर्भात वारंवार येते, पण त्या वर्षांत गिऱ्हाईक कोंगोच्या पिल्लांना होते. देशात अमेरिकी सैन्य होते, सैनिकांना हा मोठा, शांत, अस्वलासारखा दिसणारा कुत्रा आवडत होता आणि ते पिल्लांसाठी चांगले पैसे देत होते.

अशा वेळी कुटुंबाने कोणते पिल्लू विकावे आणि कोणते ठेवावे? बाजार सांगत होता की मुखवट्याची, जाड हाडांची पिल्ले जन्माला घाला. संवर्धनाची कळकळ असलेले जाणकार मात्र सांगत होते की हा जपानी कुत्रा नव्हे, यातला परका अंश मातागी वळणाच्या कुत्र्यांशी पुन्हा मिलन करून काढून टाकला पाहिजे. ओदातेतल्या घरांनी बाजाराला पिल्ले दिली आणि ठेवून घेताना हळूहळू जाणकारांचे ऐकले. या एका वाक्यात अख्खे प्रकरण सामावलेले आहे. जी पिल्ले विकली गेली ती समुद्रापार गेली आणि तिथे एका जातीचा पाया झाली. जी ठेवली गेली त्यांच्यापासून दुसरी जात घडली.

ठेवून घेण्याचा हा कल बदलला, त्यात होझोनकाईच्या प्रदर्शनाचा वाटा मोठा होता. दर वसंतात ओदातेमध्ये भरणाऱ्या मुख्य प्रदर्शनात कुत्री लिंगानुसार आणि वयोगटानुसार उभी राहतात. अमेरिकी रिंगमध्ये हँडलर, म्हणजे कुत्रा जजसमोर सादर करणारा माणूस, कुत्र्याचे पाय हाताने जागेवर ठेवून, मान आणि शेपटी सावरून त्याला उभे करतो. जपानी पद्धतीत कुत्र्याने समोरच्या कुत्र्याकडे नजर रोखून स्वतःच्या बळावर, निश्चल उभे राहावे अशी अपेक्षा असते. तिथे जे पाहिले जाते ते पुढे मानकातही उतरले. नराची उंची ६७ सेंमी आणि मादीची ६१ सेंमी, दोन्हींत ३ सेंमी कमी-अधिक चालते. रंग तांबूस, तिळी (तांबूस केसांची टोके काळी असलेला), वाघपट्टी किंवा पांढरा. पांढरा सोडून प्रत्येक रंगात ‘उराजिरो’ हवाच, म्हणजे मुस्कटाच्या बाजू, गाल, हनुवटीखालचा भाग, छाती, पोट, शेपटीची आतली बाजू आणि पायांची आतली बाजू पांढुरकी हवी. काळा मुखवटा असेल तर कुत्रा बाद. पांढऱ्या अंगावर रंगाचे ठिपके असतील तर बाद. लांब केस असतील तर बाद.

मुखवटा गेला, लांब केस राहिले

बाद ठरवणारे हे दोष मानकाच्या कागदावर शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून ते एकाच प्रकारचे आहेत असे वाटते. पैदास करणाऱ्या घरात मात्र ते अगदी वेगळे वागतात, आणि ओदातेतल्या घराचा अनुभव समजून घ्यायचा तर हा फरक नीट पाहावा लागतो.

काळा मुखवटा हा प्रभावी गुण आहे. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून त्याचे जनुक आले तरी तो सहसा दिसतो. त्यामुळे तो काढून टाकणे सोपे: मुखवट्याचे एकही पिल्लू पुढच्या पैदाशीसाठी ठेवायचे नाही, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत तो घरातून जातो. अडचण एवढीच की तांबूस रंगाच्या कुत्र्याची पिल्लेसुद्धा जन्मतः तोंडाला काळसर असतात आणि वाढता वाढता उजळतात, त्यामुळे घाईने निवड करणारा चांगले पिल्लू देऊन टाकू शकतो. ओदातेतल्या अनुभवी घरांनी जपलेली खरी कसबाची गोष्ट ही वाट पाहण्याची होती, असे मला वाटते. आठ आठवड्यांच्या अकिताचे कान अजून उभे राहिलेले नसतात, डोक्याची ठेवण ठरलेली नसते, तोंडाचा रंग बदलत असतो. घरात जागा एक-दोन पिल्लांचीच असते, कारण प्रौढ अकिता नर दुसऱ्या नराला सहसा सहन करत नाहीत आणि प्रत्येकाला वेगळी खोली किंवा कुंपण लागते. तरीही निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो. आईवडिलांना आणि आजाआजींना जवळून पाहिलेले कुटुंब हा निर्णय त्या आठवणीवर घेते, आणि म्हणूनच एका घरात तीन-चार पिढ्या चाललेल्या पैदाशीला मोल असते.

लांब केसांचे तसे नाही. जपानी पैदासकार लांब केसांच्या अकिताला ‘मोकू’ म्हणतात. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही त्याचे जनुक आले तरच तो दिसतो. एकाकडूनच आले तर कुत्रा आखूड केसांचा, मानकात बसणारा, कदाचित विजेताही होतो आणि ते जनुक गुपचूप पुढे नेतो. असे दोन वाहक एकत्र आले तर सरासरीने एक चतुर्थांश पिल्ले मोकू होतात आणि जी आखूड केसांची दिसतात त्यांतली दोन तृतीयांश वाहक असतात. आठ पिल्लांच्या वेतात एकही मोकू न निघण्याची शक्यता साधारण १० टक्के आहे. म्हणजे एक वेत स्वच्छ निघाले म्हणून आपल्या जोडीत हा दोष नाही अशी समजूत करून घेणारे कुटुंब दहापैकी एकदा स्वतःला फसवते. आज याची जनुकीय चाचणी होते, पण अकितामध्ये लांब केसांना कारणीभूत असे या जनुकातले एकाहून अधिक बदल आढळतात, म्हणून त्यांपैकी एकाचीच तपासणी करून मिळालेला ‘निर्दोष’ निकाल पुरेसा ठरत नाही. सत्तर-ऐंशी वर्षे मोकू रिंगमध्ये बाद होत असूनही तो अजून जन्मतो, याचे कारण कुणाचा हलगर्जीपणा नव्हे. रिंग जे पाहू शकते तेच ती गाळू शकते.

मोकू पिल्लात आजार म्हणून काहीही नसते. ते घरगुती कुत्रा म्हणून उत्तम असते. जुन्या काळी अनेक ठिकाणी अशा पिल्लांचे काय होत असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो, आणि आज जबाबदार घरे ती पिल्ले पैदास न करण्याच्या अटीवर चांगल्या कुटुंबांत देतात ही या क्षेत्रातली मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट आहे.

दुसरे घर: अमेरिका

दुसऱ्या घराची सुरुवात एका सैनिकाच्या सामानापासून होते. अमेरिकेत पहिला अकिता आणण्याचे श्रेय हेलन केलर यांना दिले जाते. १९३७ च्या जपान दौऱ्यात त्यांना कामिकाझे-गो हे पिल्लू भेट मिळाले, ते लवकरच डिस्टेंपर या संसर्गजन्य रोगाने गेले आणि १९३९ मध्ये जपानकडून त्यांना केन्झान-गो पाठवण्यात आला. पण अमेरिकेतली जात उभी राहिली ती युद्धानंतर सैनिकांनी नेलेल्या कुत्र्यांवर, आणि ती बहुतांशी देवा घराण्याची होती. आपल्या घरातला सैनिक अशीच एक मुखवट्याची, रुंद डोक्याची जोडी घेऊन परततो. त्याच्या दृष्टीने हाच अकिता आहे. त्याने ओदातेत हाच पाहिला, हाच विकत घेतला, आणि ज्याने विकला त्यानेही तो अकिता म्हणूनच विकला. या माणसाने जपानी जात बिघडवली असे पुढे अनेकदा म्हटले गेले, ते मला अन्यायाचे वाटते. त्याने जे मिळाले ते जपले.

१९५५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अकिताला संकीर्ण गटात प्रवेश दिला. १९५६ मध्ये अकिता क्लब ऑफ अमेरिका स्थापन झाला. संकीर्ण गटात कुत्रा दाखवता येतो, पण चॅम्पियन पदासाठीचे गुण मिळत नाहीत. म्हणजे सतरा वर्षे ही कुटुंबे केवळ आवडीपोटी पैदास करत होती आणि रिंगमध्ये जात होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये जातीला नोंदवहीत स्थान मिळाले आणि एप्रिल १९७३ पासून अकिता वर्किंग (कामकरी कुत्र्यांच्या) गटात नियमित उतरू लागले. चॅम्पियन होण्यासाठी १५ गुण लागतात, ते किमान तीन वेगवेगळ्या जजांकडून मिळावे लागतात आणि त्यांत वेगवेगळ्या जजांच्या हाताखालचे दोन मोठे विजय असावे लागतात. आपल्या अमेरिकी घरात आता पहिल्यांदाच कुत्र्याच्या नावामागे पदवी लागण्याची शक्यता निर्माण झाली. त्यासाठी करावे लागणारे प्रवास, प्रवेशशुल्क, हँडलरचे मानधन या सगळ्याचा भार कुटुंबाने आनंदाने उचलला. पदवी मिळालेल्या नराला साहजिकच बाहेरच्या माद्यांसाठी मागणी येऊ लागली.

त्यानंतरचे पाऊल मात्र या प्रकरणातले सर्वांत निर्णायक होते आणि ते उचलणाऱ्यांना त्याचे गांभीर्य तेव्हा जाणवले असेल असे वाटत नाही. फेब्रुवारी १९७४ अखेर नोंदवही बंद झाली. त्या काळी अमेरिकन केनेल क्लब आणि जपान केनेल क्लब परस्परांच्या वंशावळींना मान्यता देत नव्हते, त्यामुळे यापुढे जपानमधून आणलेला अकिता अमेरिकेत नोंदवता येणार नव्हता. ही मान्यता १९९२ मध्ये मिळाली. मधली अठरा वर्षे म्हणजे कुत्र्यांच्या साधारण सहा पिढ्या. या काळात ओदातेतले घर मुखवटा काढून टाकत, डोके निमुळते आणि डोळे त्रिकोणी करत, उराजिरो स्पष्ट करत पुढे गेले होते. अमेरिकेतले घर जे होते ते जपत आणि ठसठशीत करत राहिले: सर्व रंग चालतील, ठिपकेदार पांढरा अंगरंग चालेल, मुखवटा चालेल, डोके अस्वलासारखे रुंद असेल. हा अमेरिकी आवडीनिवडीचा परिणाम आहे असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते बंद नोंदवहीचा वाटा आवडीपेक्षा मोठा आहे. लॉस एंजेलिसमध्ये होझोनकाईची शाखा होती आणि जपानी वळणाचा कुत्रा आवडणारी घरे अमेरिकेतही होती. नोंदवही उघडी असती तर काही घरांनी जपानहून नवे नर आणले असते, काहींनी आणले नसते, आणि दोन वळणांच्या मधला पूल टिकला असता.

मोजपट्टीने ही दोन वळणे वेगळी करता येत नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. जपानी नराची मर्यादा ६४ ते ७० सेंमी आणि अमेरिकन नराची ६६ ते ७१ सेंमी. उंचीचा बहुतेक पट्टा सामाईक आहे. फरक हाडपेरात, डोक्यात, कानाच्या कोनात आणि रंगात आहे, आणि हे सगळे असे गुण आहेत जे कुटुंबाच्या आणि जजच्या नजरेला ठरवावे लागतात.

रिंगला न दिसणारे

अठरा वर्षे बंद राहिलेल्या नोंदवहीत पदव्या मिळवणारे थोडेसे नर पुष्कळ माद्यांना लावले गेले, की पुढच्या पिढ्यांच्या वंशावळीत तीच नावे आईकडून आणि वडिलांकडून दोन्ही बाजूंनी येऊ लागतात. दहा पिढ्या मागे गेल्यास कागदावर १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात; प्रत्यक्षात तिथे उभे असलेले कुत्रे त्याच्या एका लहान भागाइतके असतात. ओदातेतले घरही यातून सुटलेले नाही, कारण युद्धानंतरची पुनर्बांधणी मुळातच मोजक्या कुत्र्यांवर झाली.

याचा त्रास अकितात विशेष करून प्रतिकारशक्तीच्या विकारांत दिसतो. सेबेशियस अ‍ॅडिनायटिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा केसांच्या मुळांशी असलेल्या तैलग्रंथी नष्ट करते. कातडीवर खपल्या धरतात, केस गळतात, कुत्र्याला दीर्घकाळ तेलाने भिजवण्याची आणि औषधी अंघोळीची शुश्रूषा लागते. दुसऱ्या एका विकारात डोळ्यांच्या आत दाह होऊन दृष्टी जाऊ शकते आणि नाक, ओठ व केसांचा रंग उडतो. यातली खरी अडचण वयाची आहे. हे विकार बहुधा तरुण प्रौढ वयात उघड होतात. तोपर्यंत देखणा कुत्रा चॅम्पियन झालेला असतो, त्याची दोन-तीन वेते झालेली असतात आणि त्याची पिल्ले इतर घरांत जाऊन कदाचित स्वतःही आईबाप झालेली असतात. जजसमोर दोन वर्षांचा कुत्रा तकतकीत कातडीने उभा असताना त्याच्या चौथ्या वर्षी काय होणार आहे हे जजने ओळखावे, अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल.

इथे जबाबदारी पुन्हा घरावर येते. विकलेल्या पिल्लांच्या मालकांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवणे, एखाद्या पिल्लाला विकार झाल्याचे कळले की ते इतर पैदासकारांना उघडपणे सांगणे आणि त्या जोडीचे पुन्हा वेत न घेणे, हे काम कोणत्याही रिंगमध्ये मोजले जात नाही. उलट ज्या घराने आपल्या विजेत्या नराच्या पिल्लात विकार निघाल्याचे जाहीर केले, त्याच्या नराची मागणी दुसऱ्या दिवशी थांबते, आणि ज्याने लपवले त्याची चालू राहते. अकितावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्या प्रत्येक क्लबने ही उलटी बक्षीसपद्धत सुधारण्याला नावाच्या वादापेक्षा अधिक वेळ द्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाचा वाद

नावाच्या वादाने खूप वेळ घेतला, आणि तेही समजण्यासारखे आहे. ओदातेच्या दृष्टीने अकिता हे त्यांच्या भूमीचे नाव आहे, जातीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा आहे आणि त्या नावाखाली जगभर मुखवट्याचा कुत्रा दाखवला जाणे हे त्यांच्या निम्म्या शतकाच्या कष्टांचा अवमान करणारे आहे. अमेरिकेतल्या घराच्या दृष्टीने त्यांच्या कुत्र्याचे पूर्वज ओदातेतूनच अकिता म्हणून आले होते आणि त्यांची पैदास १९५५ पासून एका सरळ रेषेत चालली होती. वळण बदलले ते जपानमध्ये. दोघांचे म्हणणे तथ्याला धरून आहे. ‘ग्रेट जॅपनीज डॉग’ या तडजोडीच्या नावाने दोघांचेही समाधान झाले नाही आणि ते सातेक वर्षांत गेले.

आपल्याकडच्या वाचकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या सीमेवरचा, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला शिकारी कुत्रा केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ‘कारवान हाउंड’ आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत ‘मुधोळ हाउंड’. तिथेही नाव ठरवण्यात जी शक्ती जाते ती वंशावळीच्या नोंदी ठेवण्यात गेली असती तर अधिक बरे झाले असते.

विभाजनानंतर युरोपातल्या घरांपुढे तीन वाटा होत्या. आहेत ती अमेरिकन वळणाची कुत्री नव्या नावाने पुढे न्यायची, ती हळूहळू निवृत्त करून जपानहून नवी जोडी आणायची, किंवा पैदास थांबवायची. तिसरी वाट धरलेल्या घरांची नोंद कुठल्याच क्लबच्या इतिहासात नसते. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांना आपल्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या शेजारीच नव्या वळणाची पिल्ले वाढवावी लागली. माझ्या माहितीच्या क्षेत्रातली ही सर्वांत अवघड वाट आहे, कारण तिच्यात वीस वर्षांत कमावलेली नजर मोडून नवी घडवावी लागते. जे डोके काल भारदस्त वाटत होते तेच आज जड म्हणून बाजूला ठेवायचे आणि जे हाडपेर काल नाजूक म्हणून नाकारले तेच आज योग्य मानायचे.

एका बाबतीत तर दोन्ही बाजूंचे नियम थेट एकमेकांच्या आड आले. १९९२ मध्ये वंशावळींना परस्पर मान्यता मिळाल्यावर अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदवहीत दोन्ही वळणांचे कुत्रे ‘अकिता’ या एकाच नावाखाली राहिले, त्यामुळे एखाद्या अमेरिकी घराने आपल्या मादीला जपानहून आणलेला नर लावला तर होणारी पिल्ले तिथे नोंदणीयोग्य शुद्ध अकिता होती. विभाजनानंतर एफसीआयच्या देशांत तोच नर आणि तीच मादी दोन भिन्न जातींचे ठरले, आणि त्यांची पिल्ले संकरित. अशा वेतातल्या, आईला बिलगून झोपलेल्या आठ पिल्लांपैकी एखादे असे असू शकते, ज्याची प्रकृती दोन्ही घराण्यांच्या संयोगामुळे त्याच्या आईवडिलांपेक्षा निरोगी निघेल. अमेरिकेतल्या घराला ते पिल्लू ठेवता येत होते. जर्मनीतल्या किंवा इटलीतल्या घराला ते पैदाशीसाठी ठेवता येत नव्हते.